पायाखाली टिकेल तोच रंग

भिंतीवरच्या रंगाला फक्त दिसायचं असतं. जमिनीवरच्या रंगावरून माणसं चालतात, खुर्च्या ओढतात, त्यावर बादली सांडते आणि वर फिनेल पडतं. म्हणून तो बाजारात जाण्याआधी त्याला छळण्याच्या एकाहून एक नामी युक्त्या रंगवाल्यांनी शोधून ठेवल्या आहेत.

आधी तेलाची जादू. अळशीचं तेल, म्हणजे पेंटर मंडळींचं बेलतेल, वाळतं तेव्हा ते पाण्यासारखं उडून जात नाही. उलट हवेतला प्राणवायू ओढून घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि पातळ तेलाची चिवट कातडी बनते. तेल लावलेली काच तराजूवर ठेवली, तर वाळता वाळता त्या तेलाचं वजन शेकडा दहाच्याही वर वाढतं! शेंगदाण्याच्या तेलाला हे जमत नाही. विदर्भात ज्या जवसाची, म्हणजे अळशीचीच, चटणी भाकरीवर घेतात, त्याच दाण्यातल्या लिनोलेनिक आम्लाची ही करामत.

फ्रेडरिक वॉल्टन या इंग्रज माणसाने रंगाच्या डब्यावर धरलेली हीच कातडी पाहिली आणि त्यातून १८६३ मध्ये लिनोलियमचं पेटंट घेतलं. डब्यावरची ती खपली आपण सगळेच काडीने बाजूला सारतो. वॉल्टनने तिची जमीन केली.

पण प्राणवायू ओढताना तेल तापतं. पसरलेल्या थरातली उष्णता निघून जाते, बोळा केलेल्या फडक्यातली जात नाही. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत बाविसाव्या मजल्यावर अळशीच्या तेलाची फडकी आपोआप पेटली. तीन अग्निशामक जवान मृत्युमुखी पडले. आग अडली ती तिसाव्या मजल्यावर, जिथे स्प्रिंकलर होते. तेव्हा घरी लाकडाला तेल लावलंत, तर फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. बाहेर मोकळं पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवा. या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं झालं तर ते हे.

नुसतं तेल मऊ पडतं, खुर्चीचे पाय त्यात रुततात. मग त्यात राळ शिजवायची. दशावतारात राक्षसाच्या प्रवेशाला मशालीवर राळ फेकली की भडका उडतो, तशीच पाइनच्या झाडाची राळ वार्निशात जाते. ती कडक आणि चकचकीत, पण ठिसूळ. नुसत्या राळेवर नख ओढलं की पांढरी रेघ उठते. म्हणजे सगळा खेळ प्रमाणाचा. जुने वार्निशवाले १०० पौंड राळेला किती गॅलन तेल, यावरून वार्निशाची जात सांगत. जहाजाच्या डोलकाठीला ऊनपाऊस सोसायचा, लाकडाबरोबर फुगायचं-आकसायचं, म्हणून तिला भरपूर तेल. फर्निचरला घासून चमक आणायची, म्हणून तेल कमी. जमीन मधोमध, आणि मधोमध नेमकं कुठे हे ठरवणं सगळ्यांत अवघड.

त्यासाठी निघालेली एक चाचणी मला फार आवडते. न्यूझीलंडमध्ये कौरी वृक्षांचा हजारो वर्षं जमिनीत गाडला गेलेला डिंक खणून काढत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑकलंड बंदरातून सर्वांत जास्त निर्यात याच डिंकाची होई. वार्निशात या ठिसूळ कौरीचं द्रावण वाढत्या प्रमाणात मिसळायचं, पत्र्यावर थर द्यायचा, वाळवायचा आणि पत्रा बारीक सळईभोवती वाकवायचा. किती कौरी पचवल्यावर थर तडकला, तेवढा त्या वार्निशाचा चिवटपणा! चांगल्या मालात मुद्दाम खोट मिसळून त्याची ताकद मोजायची ही कल्पना ज्याला सुचली, त्याला दाद द्यावीशी वाटते.

कौरीचा दुसरा उपयोग तर आजही चालू आहे. कौरीचं ब्युटॅनॉलमधलं द्रावण काचेच्या चंबूत घेतात, चंबूखाली छापील कागद ठेवतात आणि वरून थिनर थेंबथेंब सोडतात. द्रावण गढूळ होत जातं. खालच्या अक्षरांच्या कडा पुसट झाल्या की थांबायचं आणि किती थिनर गेलं ते लिहायचं. थिनरची विरघळवण्याची ताकद अशी डोळ्यांनी वाचून ठरते.

चीनचं टंग तेल जमिनीच्या वार्निशातला जुना मानकरी. पाण्याला ते अळशीपेक्षा कितीतरी कमी दाद देतं. त्याची शुद्धता तपासायची तर सुमारे २८० अंश सेल्सिअसला तापवायचं. शुद्ध असेल तर बारा-एक मिनिटांत गोठून घट्ट होतं, भेसळीचं रेंगाळतं.

वाळला का, हे बघायला सर्वांत जुनं यंत्र अंगठा. थरावर दाबायचा आणि पिळायचा: ठसा नाही, सुरकुती नाही, तर वाळला. रात्रभर अंगठा धरून बसायला नको म्हणून एक यंत्र निघालं. त्यातली सुई ओल्या थरावरून तासन्‌तास संथ सरकते आणि तिच्या चरीवरून वाळण्याचा अख्खा इतिहास वाचता येतो. घाई केली तर मात्र फसगत: कोबाल्टचा ड्रायर जास्त पडला की वरचा पापुद्रा आधी वाळतो, खाली ओलं राहतं आणि सगळ्या थरावर सुरकुत्या पडतात.

झिजेसाठी वाळू. सुमारे ९१ सेंटिमीटर लांबीच्या नळीतून ठरावीक जातीची वाळू ४५ अंशांत तिरप्या ठेवलेल्या रंगवलेल्या पत्र्यावर सोडत राहायची. पत्रा उघडा पडेपर्यंत किती लिटर लागली, हा निकाल. कडकपणासाठी चक्क पेन्सिली: मऊ ६ बीपासून कडक ६ एचपर्यंत एकेक ओढायची आणि कोणती ओरखडते ते पाहायचं.

या सगळ्यांतून पास झालेला तेली रंगही नव्या काँक्रीटवर मात्र सपशेल नापास होतो. ओल्या सिमेंटमधल्या चुन्यामुळे त्याचा पीएच १२ च्या वर असतो, आणि तेल अधिक अल्कली म्हणजे साबण! रंग खालून चिकट होतो, मग पोपडे धरतो. गोदामात, गॅरेजमध्ये लोक पेंटरला दोष देतात. खरा दोष रंग चुकीच्या जागी लावण्याचा असतो. म्हणून रंगवलेला पत्रा अल्कलीच्या द्रावणात बुडवून ठेवण्याची चाचणी टाळली, तर बाकीच्या साऱ्या चाचण्या काँक्रीटसाठी कुचकामी. कारखान्यांच्या जमिनींवर पुढे अल्कलीला दाद न देणारं इपॉक्सी आलं, त्यामागे हेही मोठं कारण.

आणि या इपॉक्सीपर्यंत आपलं कोकणही पोचलं आहे. ओले काजूगर सोलताना ज्या तेलाने हाताची सालं निघतात, टरफलं भाजताना जे तडतडून पेटतं, ते तेल मच्छीमार होड्यांच्या लाकडाला लावत आले आहेत. त्यातून कार्डॅनॉल काढतात. त्यापासून बनवलेले हार्डनर थंडीत आणि दमट पृष्ठभागावरही इपॉक्सी घट्ट करतात, म्हणून जहाजांच्या रंगांत त्यांना मोठी मागणी आहे.