बातमीचे व्याकरण

वर्तमानपत्रे, चित्रपट, दूरचित्रवाणी, जाहिराती हाही शाळेत शिकवण्याचा विषय आहे, असे म्हटले की पुष्कळ पालकांच्या कपाळाला आठी पडते. ‘अहो, पोरे आधीच दिवसभर त्या फोनला चिकटलेली! आता शाळेतही तेच?’ असा त्यांचा सवाल असतो. सवाल वरवर बिनतोड वाटतो. पण मूल मराठी बोलतच शाळेत येते, म्हणून आपण मराठीचा तास बंद करीत नाही. बोलता येणे निराळे आणि बोललेल्याचा अर्थ लावता येणे निराळे.

इंग्लंडात हा विषय भाषेच्या वर्गातच उगवला. १९३३ साली लीव्हिस आणि टॉम्सन यांनी ‘कल्चर अँड एन्व्हायर्नमेंट’ हे पुस्तक लिहिले आणि जाहिरातींच्या मजकुरावर विद्यार्थ्यांना प्रश्न घातले. सवंग मजकुराविरुद्ध मुलांना जणू देवीची लस टोचावी, हा त्यामागचा हेतू. १९६३ साली न्यूसम समितीने चित्रपट व दूरचित्रवाणी यांचा डोळस अभ्यास शाळांत व्हावा, अशी शिफारस केली. पुढे १९८० नंतर लेन मास्टरमन यांच्यासारख्या अध्यापकांनी विषयाचा रोखच पालटला. चांगले काय नि वाईट काय, हे गुरुजींनी सांगू नये. हे कोणी रचले, कोणासाठी रचले, यातून काय गाळले, हे मुलांनीच विचारावे. तिकडेही या विषयाला ‘मिकी माउस विषय’ म्हणून हिणवणारे निघालेच. पण तो आजही तेथील शालेय परीक्षांत टिकून आहे.

हे प्रश्न विचारायला महागडी यंत्रे लागत नाहीत. खडू आणि फळा पुरे. ‘पोलिसांनी लाठीमार केला’ आणि ‘लाठीमार झाला’ ही दोन वाक्ये फळ्यावर लिहावीत. दोन्ही शुद्ध; पण दुसऱ्यात पोलीस नाहीसे झाले आणि लाठीमार स्वतःच कर्ता होऊन बसला! ‘जमावाने दगडफेक केली’ आणि ‘दगडफेक झाली’ यांचेही तसेच. कर्ता ओळखा, हा आपल्या व्याकरणातला जुना प्रश्न. तोच वर्तमानपत्राला विचारायचा.

हा केवळ बुद्धीचा खेळ नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा गावात, मुले पळवणारे आल्याच्या संशयावरून जमावाने पाच जणांचा जीव घेतला. ते होते भिक्षेसाठी फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी. तशा अफवा त्या वर्षी फोनवरून देशभर फिरत होत्या. अशाच एका चित्रफितीत दुचाकीवरचे दोघे एका मुलाला उचलून नेताना दिसत. मुळात ती कराचीतील बालसुरक्षेची जाहिरात होती. त्यात ते दोघे मुलाला लगेच परत आणून सोडतात आणि पालकांना सावध राहण्यास सांगतात. कोणी तरी एवढा शेवट कापला आणि सावधगिरीचा धडा अपहरणाचा पुरावा ठरला. ज्याने शाळेत स्वतः चार चित्रे मागेपुढे जोडून निरनिराळ्या गोष्टी करून पाहिल्या असतील, त्याच्या मनात ‘याच्या पुढे काय होते?’ हा प्रश्न सहज उभा राहील. केरळातील कण्णूर जिल्ह्यात त्याच २०१८ साली खोट्या बातम्या ओळखण्याचे पाठ शाळांतून सुरू झाले.

एक धोका मात्र आहे. ‘सगळेच खोटे बोलतात’ एवढेच शिकून मूल बाहेर पडले, तर ते शहाणे झाले नाही, नुसते तुसडे झाले. शंका घेणे हा अर्धा धडा. खातरजमा करणे हा उरलेला. चांगला बातमीदार किती कष्टाने बातमी मिळवतो, हेही मुलांना कळले पाहिजे.

शाळांत हा विषय येईल तेव्हा येवो. दिवाळीच्या सुट्टीत एकाच दिवसाची दोन वर्तमानपत्रे मुलांपुढे ठेवा आणि एकच बातमी दोन्हींत वाचायला सांगा. फराळाचे ताट रिकामे होईपर्यंत चर्चा संपायची नाही. आणि हो, प्रस्तुत अंकातल्या जाहिरातीही सोडू नका. हा लेखसुद्धा नाही!