चिकटवहीच्या छांदिष्टाला भेट काय द्यावी?

थंडी पडू लागली की बेळगावच्या सीमाभागात ग्रामीण मराठी साहित्य संमेलनांचा हंगाम सुरू होतो. कडोली, येळ्ळूर, उचगाव, कुद्रेमानी आणि बेळगावच्या पश्चिमेचे बेळगुंदी अशा गावांत ग्रंथदिंडी निघते, मांडव भरतो, व्याख्याने आणि कविसंमेलने रंगतात. मांडव रिकामा झाला की खुर्च्यांखाली उरतात निमंत्रणपत्रिका, कार्यक्रमपत्रिका, छातीवरचे कागदी बिल्ले आणि पुस्तकविक्रीच्या पावत्या. बहुतेकांच्या लेखी तो केर असतो. पण एखादी मुलगी तो वाकून गोळा करते, घडी न मोडता पिशवीत ठेवते आणि घरी जाऊन वहीत चिकटवते. अलीकडे या छंदाला ‘जंक जर्नल’ म्हणतात. तरुणांमध्ये त्याचा बराच प्रसार झाला असून घरोघरी एक नवा प्रश्न उभा राहिला आहे. ज्याला रद्दीच आवडते, त्याला वाढदिवसाला द्यायचे तरी काय?

नाव नवे असले तरी वृत्ती जुनी आहे. वर्तमानपत्रातील कात्रणांची वही मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या होती. कोणी पाककृतींची ठेवी, कोणी क्रिकेटपटूंच्या छायाचित्रांची. एकोणिसाव्या शतकात युरोप-अमेरिकेत चिकटवह्यांचे वेड इतके होते की मार्क ट्वेन या लेखकाने पानांवर आधीच डिंक लावलेल्या वहीचे पेटंट १८७३ मध्ये मिळवले. जंक जर्नलचा वेगळेपणा एवढाच की त्यात वहीही टाकाऊ कागदाचीच असते. पाकिटे, नकाशे, हिशेबाची पाने, मिठाईच्या खोक्यांचे पुठ्ठे, कापडाचे तुकडे हे सारे शिवून तिची पाने होतात आणि त्यांवर पुन्हा तिकिटे, लेबले, नोंदी येतात. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची वाकळ शिवणाऱ्या आजीला ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. ही कागदाची वाकळ आहे.

भेट देणाऱ्याची चूक बहुधा एकाच ठिकाणी होते. ऑनलाइन बाजारात ‘व्हिंटेज’ नावाने छापील कागदांचे संच मिळतात. त्यांत पॅरिसची टपाल तिकिटे, लंडनच्या बातम्या, इंग्रजी फुलपाखरे असतात आणि चहाचा डाग पडल्यासारखा रंगही छापलेलाच असतो. संच दिसतो छान, पण तो कोणाच्याच आयुष्यातून आलेला नसतो. ज्या वहीत चोर्ला घाटातील प्रवासाची, जत्रेतल्या पाळण्याची आणि शनिवारच्या बाजाराची नोंद व्हायची, तिथे आयफेल टॉवर चिकटवून काय साधणार? शिवाय हा छंद करणाऱ्याकडे कागदाची वाण कधीच नसते. वाण असते ती हत्यारांची आणि टिकाऊ चिकटद्रव्याची. मराठी अक्षराची तर सर्वांत जास्त.

या शेवटच्या गोष्टीकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. दुकानांत मिळणारे तयार शिक्के आणि स्टिकर बहुतेक इंग्रजीत असतात. दिवाळीच्या पानावरही मग इंग्रजीच मथळा येतो. यावरचा उपाय स्वस्त आहे आणि तो गल्लीच्या कोपऱ्यावर असतो. रबरी शिक्के करून देणारी दुकाने बेळगावात, पणजीत, म्हापशात, मडगावात, कोठेही सापडतात. सरपंचाचा किंवा सोसायटीचा शिक्का करणारा कारागीर ‘दिनांक’, ‘स्थळ’, ‘सोबत कोण’ असे तीन शब्दही तितक्याच सहजपणे करून देतो. चैत्र ते फाल्गुन अशी बारा नावे, किंवा ज्याला भेट द्यायची त्याचे नाव आणि त्याखाली गाव, असे काहीही सांगता येते. सोबत शाईची एक गादी घ्यावी. दोन-तीन लहान शिक्के आणि गादी मिळून खर्च साधारणपणे एका बऱ्या जेवणाइतका येतो. मजकूर देताना तो स्वच्छ अक्षरात लिहून द्यावा आणि छापून आलेला नमुना ऱ्हस्व-दीर्घासकट तपासावा. चुकीचा शिक्का वहीच्या प्रत्येक पानावर तीच चूक उमटवत राहतो.

अक्षराचीच दुसरी भेट म्हणजे छपाईचे खिळे. जावजी दादाजींनी मुंबईत १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि त्याच्या देवनागरी खिळ्यांनी मराठी छपाईला वळण दिले. पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ लहानमोठ्या गावांतील छापखाने लग्नपत्रिका आणि हस्तपत्रके खिळे जुळवूनच छापत होते. संगणक आला आणि शिशाचे खिळे भंगाराच्या वजनावर गेले. एखाद्या जुन्या मुद्रकाकडे अजून खण शिल्लक असतील, तर मूठभर खिळे त्याच्याकडून मागून किंवा विकत घ्यावेत. मोठ्या जाहिरातींसाठी वापरलेले लाकडी खिळे मिळाले तर फारच उत्तम. शिशाच्या खिळ्यांबाबत मात्र काळजी हवी. शिसे विषारी आहे. हाताळल्यावर हात धुवावेत आणि ज्या घरात लहान मूल आहे तिथे ही भेट देऊच नये. गोव्याच्या वाचकाला येथे सहज आठवेल की भारतातील पहिला छापखाना १५५६ मध्ये जुन्या गोव्यात आला, पण फादर स्टीफन्स यांचे मराठी ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये राचोल येथे छापले गेले ते रोमन लिपीत. देवनागरी अक्षरासाठी वाट पाहण्याचा अनुभव या मुलखाला नवा नाही.

चिकटद्रव्य ही वरवर नीरस वाटणारी भेट आहे, पण घेणाऱ्याला ती सर्वांत उपयोगी पडते. पांढरा पातळ गोंद पाण्याचा असल्याने जास्त लावला की पातळ कागद फुगतो आणि सुरकुततो. गव्हाच्या पिठाची खळ कागदाला मानवते, पण कसर आणि झुरळे तिच्यावर तुटून पडतात. पारदर्शक सेलोटेप तर या छंदाचा वैरीच म्हणावा. काही वर्षांत तिचा चिकटपणा पिवळा होऊन कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि मागे तेलकट डाग राहतो. म्हणून चांगल्या प्रतीच्या ग्लू स्टिकचे चार नग, जाड पुठ्ठ्यासाठी पांढऱ्या गोंदाची लहान बाटली आणि तो पातळ पसरवण्यासाठी एक चपटा ब्रश असा जोड द्यावा. रंगीत कागदी पट्टी, म्हणजे ‘वाशी टेप’, आता सर्वत्र मिळते. जपानमधील कुराशिकी येथील एका औद्योगिक मास्किंग टेपच्या कारखान्यातून ती २००८ मध्ये सजावटीसाठी बाजारात आली. स्वस्त प्रतीची पट्टी आपल्या दमट हवेत लवकर सुटते. दहा नगांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा दोनच बऱ्या पट्ट्या घ्याव्यात.

हत्यारांत पोलादी पट्टी, पाते मोडून पुढे सरकवता येणारा कटर, कापण्यासाठी खाली घालायची हिरवी चटई आणि पाने शिवण्यासाठी आरी पुरेशी आहे. आरी चांभाराकडची घ्यावी. ती हस्तकलेच्या दुकानातील नाजूक आरीपेक्षा स्वस्त असते आणि अधिक टिकते. मेण लावलेला दोराही त्याच्याकडेच मिळतो.

पायाभूत वही द्यायची असेल तर किराणा दुकानदार वापरतात ती लाल कापडी बांधणीची हिशेबाची वही उत्तम. तिची शिवण मजबूत असते, ती पूर्ण उघडते आणि फुगलेल्या पानांचे ओझे पेलते. बेळगावच्या खडे बाजार-गणपत गल्लीच्या भागात खरेदीला जाणाऱ्या गोवेकरांनी कुंद्याचा डबा घेताना अशी एक वही पिशवीत टाकली तर वेगळी फेरी मारावी लागणार नाही. कुंद्याच्या खोक्याचे झाकणही टाकू नये, ते भेटीतच जाते. थोडा अधिक खर्च परवडत असेल तर हातकागदाचे काही ताव घ्यावेत. हातकागदाची परंपरा महाराष्ट्रात फार जुनी आहे. वेरूळजवळच्या कागजीपुऱ्यात शतकानुशतके हाताने कागद होत आला आहे.

कापडाचे तुकडे मात्र विकत घेऊच नयेत. बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागात विणकरांची वस्ती आहे आणि शिंप्याच्या दुकानात कतरणीचा ढीग रोजच पडतो. गोव्यात कुणबी लुगड्याची लाल चौकट असलेला वीतभर तुकडा एखाद्या पानाला जे रूप देईल ते कोणत्याही विकतच्या लेसला येणार नाही. मागितले तर कोणीही देतो.

टपाल खात्याकडेही वळावे. भारतात पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी सुरू झाले, तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती. पुढे पन्नास पैशांचे साधे कार्ड आणि अडीच रुपयांचे आंतर्देशीय पत्र वर्षानुवर्षे त्याच किमतीत राहिले. पन्नास रुपयांत कार्डांचा गठ्ठा येतो. त्यांपैकी एक कार्ड स्वतः लिहून टपालात टाकावे, म्हणजे भेटीबरोबर तारखेचा टपाली शिक्काही आपोआप पोहोचतो. प्रधान टपाल कार्यालयातील तिकीटसंग्राहकांच्या खिडकीवर किमान २०० रुपये अनामत भरून संग्राहक खाते उघडता येते आणि मग नवी स्मारक तिकिटे घरपोच येतात. वर्षभर पुन्हापुन्हा मिळणारी याहून स्वस्त भेट सुचवणे कठीण.

आता जे देऊ नये त्याविषयी. सीमाभागात हा मुद्दा नुसत्या हौसेचा राहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बेळगाव मुंबई राज्यात होते. त्या काळातील शाळेचे दाखले, जमिनीचे उतारे, पतपेढीच्या पावत्या, वाचनालयाची कार्डे, क्वचित मोडीतील पत्रे बेळगुंदीसारख्या गावांत अजून माळ्यावरच्या ट्रंकेत सापडतात. पुढे सरकारी कागद कन्नडमध्ये येऊ लागले. त्यामुळे घरातील मराठी कागद हा येथे केवळ जुना कागद नाही. कोण कोठे शिकले, कोणाची जमीन कोठे होती, गावाचा व्यवहार कोणत्या भाषेत चालत होता, याचा तो पुरावा आहे. हौशी नातवंडाला ‘छान जुने कागद’ म्हणून तो गठ्ठा देणे म्हणजे कात्रीच्या तोंडी साक्ष देणे होय. असे कागद आधी मोडी वाचणाऱ्याला किंवा जवळच्या वाचनालयाला दाखवावेत. वहीसाठी त्यांची रंगीत झेरॉक्स काढावी. थोड्या जाड, पिवळसर कागदावर काढलेली प्रत चिकटवहीत मूळ कागदाइतकीच शोभते, आणि कापताना हात थरथरत नाही. शंभर रुपयांत मूळ ऐवज सुरक्षित राखून पाच-सहा प्रतींचे पाकीट तयार होते. ही भेट सर्वांत चांगली मानायला हरकत नाही, कारण ती देण्याआधी कोणाला तरी तो गठ्ठा सोडून वाचावा लागतो.

बसच्या तिकिटांबाबतही हीच युक्ती लागू पडते. यंत्रातून निघणारे आजचे तिकीट उष्णतेने छापले जाते. उजेडात किंवा गोंदाच्या संपर्कात ती अक्षरे काही महिन्यांत उडतात. कदंबच्या बसने बेळगावहून पणजीला केलेल्या पहिल्या प्रवासाचे तिकीट जपायचे असेल तर त्याची प्रत आठवड्याच्या आत काढलेली बरी. पूर्वीची, वाहकाच्या पेटीतील छापील रंगीत तिकिटे मात्र शाईची होती. ती कोणाच्या पुस्तकात खूण म्हणून राहिली असतील तर जरूर द्यावीत.

आणि या साऱ्यासाठी एक पत्र्याचा डबा. सह्याद्रीच्या कुशीतील बेळगुंदी असो की खाली गोव्याची किनारपट्टी, पावसाळ्यात कागदाला बुरशी चढतेच. घट्ट झाकणाच्या डब्यात वेखंडाचे दोन तुकडे कापडात बांधून ठेवावेत, औषधांच्या बाटल्यांतून निघणाऱ्या सिलिकाच्या पुड्या जमवून टाकाव्यात आणि श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी वही तासभर सावलीत उघडून ठेवायला सांगावे. डबा जुन्या बिस्किटांचा असला तरी चालतो. त्यावरचे चित्र न खरवडता तसेच राहू द्यावे, छांदिष्टाला ते हवेच असते.