मुंबईहून निघालेली ‘तिलावा’

२० नोव्हेंबर १९४२ रोजी ‘तिलावा’ मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. जहाजावर साडेनऊशेहून अधिक माणसं आणि चांदीच्या २,३६४ विटा होत्या. २३ तारखेच्या पहाटे जपानच्या आय-२९ पाणबुडीनं तिला गाठलं.

पाणबुडी पाठलाग करते तो पाण्याखालून, असा आपला समज असतो. पण डिझेल इंजिनाला हवा लागते, म्हणून बुडी मारल्यावर पाणबुडी बॅटरीवर चाले. अशा जपानी पाणबुड्यांचा वेग पृष्ठभागावर २३ नॉट, पाण्याखाली जेमतेम ८. व्यापारी जहाजसुद्धा त्याहून वेगानं पळे. म्हणून पाठलाग पाण्यावरून, बहुधा रात्रीच्या अंधारात करायचा आणि पुढे जाऊन दबा धरायचा. जपानी टॉर्पेडोत इंधन साध्या हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनवर जळत असे, त्यामुळे मागे बुडबुड्यांची रेघ जवळजवळ उमटत नसे. टेहळणी करणाऱ्याला कळणार तरी कसं?

पहिल्या टॉर्पेडोनंतर होड्या उतरवल्या गेल्या, पण जहाज तरंगत राहिलं. काहीजण परत चढले. तेवढ्यात दुसरा आदळला. २८० जण गेले. उरलेल्यांपैकी बहुतेकांना ‘बर्मिंगहॅम’ या युद्धनौकेनं वाचवून मुंबईला आणलं.

‘तिलावा’ एकटी होती, सोबत ताफा नव्हता, हे मला सर्वांत जास्त खटकतं. २०१७ मध्ये समुद्रतळातून चांदी वर आली आणि तिच्या हक्काचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. त्या प्रवाशांची आणि खलाशांची आठवण मात्र आपल्याकडे फार थोड्यांना आहे.