तारेवाचून इंटरनेट : मोबाईल सेवेची पारख कशी करावी

१९४८ साली बंगळूर येथे इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज हा कारखाना स्थापन झाला. स्वतंत्र भारतातील पहिला सार्वजनिक उद्योग म्हणून तो ओळखला जातो, आणि शहराच्या पूर्वेस त्याच्याभोवती जी वसाहत वसली तिला दूरवाणीनगर असेच नाव पडले. दूरध्वनियंत्रे याच शहरात तयार होत असत. तथापि घरी दूरध्वनीची तार यावी म्हणून नागरिकांना वर्षानुवर्षे प्रतीक्षा करावी लागे. आज त्याच बंगळुरात असंख्य घरांत ही तार नाही, आणि ती नसल्याची खंतही कोणास वाटत नाही. कोल्हापूर, सांगली किंवा बेळगाव येथून नोकरीनिमित्त आलेला तरुण मराठहळ्ळी वा बी.टी.एम. लेआउट येथे अकरा महिन्यांच्या कराराने खोली घेतो. घरमालक भिंतीस भोक पाडू देत नाही, आणि पुढच्या वर्षी घर बदलावे लागणार हे ठरलेलेच असते. अशा बिऱ्हाडात इंटरनेट यावयाचे ते हवेतूनच. कचेरीची बैठक, मुलाची परीक्षा, बँकेकडून येणारा सांकेतिक अंक, हे सर्व त्या एका अदृश्य दुव्यावर अवलंबून राहते. २०२० सालच्या टाळेबंदीत शाळाच त्या दुव्यावरून भरू लागल्या, तेव्हा हा दुवा तुटणे म्हणजे काय हे अनेक घरांना प्रथमच कळले.

म्हणून साहजिकच विचारले जाते : कोणती कंपनी चांगली? कर्नाटकात एअरटेल, जिओ, व्होडाफोन-आयडिया व भारत संचार निगम अशा चार सेवा आहेत. परंतु या प्रश्नास साऱ्या शहरापुरते एकच उत्तर देता येत नाही. एखाद्या कंपनीची सेवा जयनगरातील गच्चीवर उत्कृष्ट आणि त्याच इमारतीच्या तळमजल्यावरील मागल्या खोलीत निरुपयोगी असू शकते. सकाळी जी सेवा वेगवान असते तीच रात्री नऊ वाजता खुरडू लागते. भरवसा हा जागेशी आणि वेळेशी बांधलेला असतो. असे का होते हे समजून घेतले म्हणजे पारख करण्याची रीत आपोआप सुचते.

मोबाईलचा टॉवर व आपला हँडसेट यांच्यामध्ये रेडिओलहरींची देवाणघेवाण चालते. या लहरी निरनिराळ्या कंप्रतांच्या असतात. ७०० मेगाहर्ट्झ कंप्रतेच्या लहरीची तरंगलांबी सुमारे ४३ सेंटिमीटर, ९०० ची ३३, १८०० ची १७, २३०० ची १३, आणि पाचव्या पिढीच्या सेवेसाठी मुख्यतः वापरल्या जाणाऱ्या ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातील लहरीची अवघी ९ सेंटिमीटर असते. स्थूलमानाने, लांब लहरी दूरवर जातात, अडथळ्यास वळसा घालतात आणि भिंतींतून बऱ्याच प्रमाणात पार होतात. आखूड लहरी सिमेंट-काँक्रीटमध्ये लवकर क्षीण होतात. कचेऱ्यांच्या इमारतींना असते तशी धातूचा पातळ लेप दिलेली काच तर त्यांना पुष्कळच अडविते. पावसाने भिजलेली दाट पालवीही लहरींची शक्ती काही अंशी शोषून घेते, आणि बंगळुरात झाडांची वाण नाही.

मग सर्व कंपन्या लांब लहरीच का वापरत नाहीत? याचे कारण असे की लांब लहरींच्या पट्ट्यात जागा अरुंद असते. २०२२ च्या लिलावात जिओने ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात प्रत्येक मंडलात १० मेगाहर्ट्झ रुंदीची जोडी घेतली. उलट ३३०० च्या पट्ट्यात जिओ व एअरटेल या दोघांनीही प्रत्येक मंडलात निदान १०० मेगाहर्ट्झ घेतले. रुंद रस्त्यावरून अधिक गाड्या जातात तशी रुंद पट्ट्यातून अधिक माहिती जाते. यामुळे रस्त्यावर उभे असता पाचव्या पिढीची सेवा डोळे दिपविणारा वेग दाखविते आणि शयनगृहात शिरताच फोन निमूटपणे चौथ्या पिढीवर उतरतो. जाहिरातीतील आकडा बहुधा रस्त्यावरचा असतो.

आता वेळेचा विचार करू. टॉवरावरील अँटेना सामान्यतः तीन दिशांना विभागलेल्या असतात, आणि एका विभागातील सर्व ग्राहक त्या विभागाची क्षमता वाटून घेतात. जुन्या वाड्यातील सामायिक नळासारखा हा प्रकार आहे. पाण्याचा दाब कितीही चांगला असला तरी दहा बिऱ्हाडे एकदम घागरी घेऊन आली म्हणजे प्रत्येकीच्या वाट्यास बारीक धार येते. राहत्या वस्तीत ही गर्दी रात्री आठ ते अकराच्या सुमारास होते. इलेक्ट्रॉनिक सिटीसारख्या कचेऱ्यांच्या भागात ती दिवसा असते. चिन्नास्वामी मैदानावर क्रिकेटचा सामना असेल तर आसपासच्या रस्त्यांवरही ती जाणवते. फोनच्या पडद्यावरील काड्या, म्हणजे ज्याला आपण ‘रेंज’ म्हणतो ती, केवळ लहरींचे बळ सांगतात. नळावर किती घागरी लागल्या आहेत हे त्यांवरून कळत नाही. शिवाय किती बळास किती काड्या दाखवावयाच्या हे प्रत्येक हँडसेट बनविणारा आपल्या मर्जीने ठरवितो. फोनच्या सेटिंगमध्ये लहरींचे बळ ऋण अंकांत दिलेले असते ते अधिक विश्वसनीय होय. चौथ्या पिढीच्या सेवेत उणे ८० च्या आसपासचा आकडा उत्तम आणि उणे ११० च्या खालचा दुबळा समजावा. या मापात १० ने घट म्हणजे बळ दहा पटींनी कमी.

टॉवरापर्यंतचा दुवा बिनतारी असला तरी त्यापुढे बहुधा तार असतेच, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. टॉवर प्रकाशतंतूच्या केबलने किंवा टॉवरा-टॉवरांमधील सूक्ष्मलहरींच्या दुव्याने मुख्य जाळ्यास जोडलेला असतो. रस्ता खणताना ती केबल तुटली की काड्या पूर्ण दिसतात आणि इंटरनेट मात्र बंद पडते. मोबाईल सेवेच्या कंप्रतांवर प्रत्यक्ष पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. तो जाणवतो दहा हजार मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरींना, अर्थात टॉवरा-टॉवरांमधील त्या सूक्ष्मलहरींना. वळिवाच्या पावसात सेवा कोलमडते तिचे कारण पुष्कळदा खंडित झालेली वीज, टॉवराखाली थकलेली बॅटरी किंवा पाणी शिरलेली पेटी असे असते.

वेगाचा आकडा वाचतानाही तारतम्य हवे. भारतात ‘ब्रॉडबँड’ म्हणवून घेण्यासाठी २००४ साली सेकंदास २५६ किलोबिट पुरत असत. जानेवारी २०२३ पासून ही मर्यादा २ मेगाबिट आहे. दृश्य-संभाषणाचा एखादा वर्ग सेकंदास १ मेगाबिट घेतो असे धरले तर तासाभरात ३,६०० मेगाबिट, म्हणजे ४५० मेगाबाइट खर्च होतात. दिवसास २ गिगाबाइटची योजना असल्यास चार-साडेचार तासांत ती संपते. त्यानंतर अनेक योजनांत वेग ६४ किलोबिटवर उतरविला जातो, आणि त्या वेगाने १ मेगाबाइटचे एक छायाचित्र पाठविण्यास दोन मिनिटांहून अधिक काळ लागतो. ‘अमर्याद’ या शब्दापुढील बारीक अक्षरे यासाठी वाचावीत. संभाषणासाठी वेगाइतकेच महत्त्व प्रतिसादकालास असते. निरोप जाऊन उत्तर येण्यास लागणारा हा काळ मिलिसेकंदांत मोजतात. तो एकसारखा राहिला तर बोलणे सुरळीत चालते. तो पळापळाला बदलू लागला की वेग भरपूर असूनही आवाज तुटतो.

आता प्रत्यक्ष पारख. १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झालेल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांनुसार सेवा कोठे पोहोचते याचे नकाशे कंपन्यांनी प्रसिद्ध करावयाचे असतात. आपल्याभोवती टॉवर कोठे आहेत हे केंद्र सरकारच्या ‘तरंग संचार’ या संकेतस्थळावर २०१७ पासून पाहता येते. आरंभ येथून करावा, परंतु नकाशावर विसंबू नये. आपल्या भिंतीची जाडी त्याला ठाऊक नसते. शेजाऱ्यास वा सहकाऱ्यास विनंती करून त्याच्या कंपनीची सेवा आपल्या खोलीत तपासावी, अथवा सर्वांत स्वस्त रिचार्जचे नवे सिम घ्यावे. जुना क्रमांक लगेच नव्या कंपनीकडे नेऊ नये. त्याचे कारण पुढे येईल. जेथे काम करावयाचे त्याच मेजावर, ज्या वेळी करावयाचे त्याच वेळी, सात दिवस मोजणी करावी व ती वहीत लिहावी : तारीख, वेळ, उतरण्याचा वेग, चढण्याचा वेग, प्रतिसादकाल. प्राधिकरणाचे ‘मायस्पीड’ हे ॲप त्यासाठी चालते.

समजा, रात्री नऊ वाजता पहिल्या सेवेचा वेग सात दिवस ४२, ३८, ४०, १, ०, ४१, ४३ मेगाबिट असा आला, आणि दुसरीचा ९, ८, ९, ७, ८, ९, ८ असा आला. पहिलीची सरासरी २९ हून अधिक, दुसरीची जेमतेम ८. सरासरी पाहणारा पहिली निवडील आणि सातांपैकी दोन रात्री परीक्षेस मुकेल. भरवसा पाहावयाचा तर सर्वांत वाईट दिवस पाहिला पाहिजे.

ज्यांचे पोट या दुव्यावर आहे त्यांनी दोन कंपन्यांची सिमे बाळगावीत, हा सल्ला सर्वत्र दिला जातो. त्यामागील गणित असे : एखादी सेवा शंभरांत दोन वेळा बंद पडते असे मानू, महिन्याच्या ७२० तासांत हे सुमारे १४ तास झाले. तशाच दोन सेवा असल्या तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याचा संभव दहा हजारांत चार, म्हणजे महिन्यास केवळ १७ मिनिटे. हिशेब मोहक आहे, पण दोन्ही सेवा परस्परांपासून स्वतंत्र असतील तरच तो खरा. आपल्याकडे एकाच टॉवरावर दोन-तीन कंपन्यांच्या अँटेना असणे ही नित्याची गोष्ट आहे. त्यांची वीज एक आणि कित्येकदा केबलचा चरही एकच असतो. तेथे दोन सिमे असूनही एकच सिम असल्यासारखे होते. आपली वही याचा निवाडा करते : वीज गेली त्या संध्याकाळी दोन्ही सेवा एकदम पडल्या काय? तसे असेल तर दुसऱ्या सिमासाठी तिसऱ्या कंपनीचा विचार करावा.

घरात लहरी पोहोचतच नसतील तर गच्चीवर ग्राहकयंत्र बसवून तेथून तार खोलीत आणण्याची ‘एअरफायबर’ जातीची सेवा मिळते. बंगळुरात जिओने ती सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू केली. भिंतीचा अडसर तिने दूर होतो. मात्र गच्चीसाठी घरमालकाची परवानगी लागते आणि वीज जाताच, इन्व्हर्टर नसेल तर, यंत्र बंद पडते.

पारख झाल्यावर क्रमांक बदलू न देता कंपनी बदलता येते. ही सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर आहे. १९०० या क्रमांकावर संदेश पाठविला की संकेतांक येतो. एकदा कंपनी बदलली की नव्वद दिवस पुन्हा बदलता येत नाही, म्हणूनच तपासणी आधी करावयाची. एक गोष्ट सीमाभागातील वाचकांसाठी : दूरसंचाराच्या दृष्टीने बेळगाव, निपाणी व कारवार कर्नाटक मंडलात मोडतात आणि गोवा महाराष्ट्र मंडलात. २०१५ च्या जुलैपासून क्रमांक दुसऱ्या मंडलातही नेता येत असल्याने पुण्याहून बंगळुरास येणाऱ्याने जुना क्रमांक टाकून देण्याचे कारण उरलेले नाही.

सेवा बिघडल्यास प्रथम १९८ वर तक्रार करावी आणि तक्रारीचा क्रमांक न विसरता टिपून घ्यावा. निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे दाद मागता येते. नियामक प्राधिकरण व्यक्तिगत तक्रारींचा निवाडा करीत नाही. ‘रेंज नाही’ एवढेच कळविले तर फोन बंद करून पुन्हा सुरू करा असे उत्तर येते. वहीतील सात दिवसांच्या तारखा, वेळा व आकडे सोबत जोडले तर कोणत्या विभागात, कोणत्या तासाला दोष आहे हे अभियंत्यास शोधता येते. आणि अँटेनाचा कल थोडा बदलून किंवा त्या विभागात आणखी एक पट्टा सुरू करून तो कित्येकदा दूरही करता येतो.