काळ्या रानात सगळंच येतं?

'आपली जमीन काळी, काठी रोवली तरी पालवी फुटेल.' परभणी, मानवत, पाथरीकडं परसबागेचा विषय निघाला की हे वाक्य कानावर येतंच. त्यात निम्मं खरं आहे. गोदावरी, पूर्णा आणि दुधनेच्या खोऱ्यातली ही भारी जमीन पाणी धरून ठेवते, म्हणून कापूस आणि रब्बीची ज्वारी तिच्यावर पोसते. फळझाडांना मात्र हाच गुण नडतो. पावसात चिकणमाती फुगते, तिच्यातली हवा निघून जाते आणि मुळं गुदमरतात. एप्रिल-मे महिन्यात तीच जमीन हात जाईल इतकी भेगाळते आणि बारीक मुळं तुटतात. आंबा, लिंबू, मोसंबी, डाळिंब यांना दीड-तीन फूट माती आणि तिच्याखाली पाणी जिरवणारा मुरूम, अशी मध्यम जमीन आवडते. जिंतूरच्या डोंगराळ पट्ट्यातलं किंवा गंगाखेडच्या बालाघाटाकडचं रान 'हलकं' म्हणून नाक मुरडलं जातं. सीताफळ आणि बोरासाठी तेच रान उजवं.

दुसरी अडचण डोळ्यांना दिसत नाही, ती चुनखडीची. लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. मग 'खत कमी पडलं' असं म्हणून युरियाची मूठ टाकली जाते. पण इथं नत्राची तूट नाही. नत्र कमी पडलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी होतात. कोवळं पान शिरा सोडून पिवळं होत असेल तर बहुतेक वेळा लोह मिळत नसतं. मातीत लोह असतं, पण चुनखडीमुळं ते मुळांना घेता येत नाही. हिराकसाची फवारणी केली की झाड काही दिवस हिरवं दिसतं. चुनखडी जागच्या जागीच राहते. मुक्त चुना दहा टक्क्यांच्या वर असेल तर लिंबू-मोसंबीचा हट्ट सोडावा आणि चिंच, बोर, आवळा, सीताफळ यांच्याकडं वळावं. घरच्या घरी अंदाज घ्यायचा तर दोन फूट खालची माती काढून तिच्यावर थोडं व्हिनेगर टाकावं. जोरात फसफसली तर चुना भरपूर. नेमका आकडा माती परीक्षणातूनच कळतो आणि ते रोपं आणायच्या आधी करायचं असतं.

खड्ड्याबद्दलही एक पक्कं मत आहे: जितका खोल, तितकं झाड जोमात. आंब्याला एक मीटर लांब, रुंद आणि खोल खड्डा सांगितला जातो आणि मुरमाड जागी तो कामाचाच असतो, कारण मुळांना वाट मिळते. भारी काळ्या रानात तोच खड्डा भुसभुशीत माती-शेणखतानं भरला की त्याचा हौद होतो. चहूबाजूंचं पाणी झिरपून आत येतं, बाहेर जात नाही. अशा जागी जमिनीपासून फूट-दीड फूट उंच वरंबा किंवा मातीचा चौथरा करून त्यावर रोप लावावं आणि कडेनं पाणी काढायला चर द्यावा. कलमाचा जोड मातीच्या वर वीतभर राहिला पाहिजे. तो गाडला गेला की बुरशीला आयतं घर मिळतं.

'मृग लागला की रोप लावायचं.' मृग नक्षत्र लागतं ते सूर्याच्या चालीनं, ७ किंवा ८ जूनला. पावसाला त्या तारखेचं बंधन नाही. जिल्ह्यात सरासरी ९०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण मध्ये पंधरा-वीस दिवसांची उघडीप नवी गोष्ट नाही. खरिपाच्या पेरणीसाठी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस होऊ द्या, असं परभणीचं कृषी विद्यापीठ सांगतं. रोपांनाही तोच नियम लावावा. जुलै-ऑगस्टमध्ये वाफसा पाहून लावलेलं झाड जूनच्या पहिल्या सरीत लावलेल्या झाडाला गाठतं.

सगळ्यात जास्त फसगत होते ती जागेच्या हिशेबात. गुंठा म्हणजे तेहेतीस फूट बाय तेहेतीस फूट, साधारण शंभर चौरस मीटर. आंब्याचं पारंपरिक अंतर दहा बाय दहा मीटर, म्हणजे एक मोठा आंबा अख्खा गुंठा खातो. पेरू किंवा लिंबू सहा बाय सहा मीटर धरलं तर गुंठ्यात तीनही नीट मावत नाहीत. रोपवाटिकेत आठ-दहा रोपं हातभर दिसतात आणि माणूस भुलतो. नियमित छाटणी करणार असाल तर आंबा पाच मीटरवर बसतो, पण ते 'तर' वर्षानुवर्षं पाळावं लागतं. 'बनी तो बनी, नहीं तो परभणी' म्हणायला बरं आहे, पण चुकीच्या जागी वाढलेला आंबा दहा वर्षांनी हलवता येत नाही. उंच झाडं उत्तरेला आणि पश्चिमेला घ्यावीत. तिथून दुपारची झळ अडते आणि भाजीच्या वाफ्यावर दिवसभर सावली पडत नाही.

आंब्यात दोन टोकाची मतं आहेत. एक, खाल्लेल्या केसरची कोय लावली की केसरच येणार. येत नाही, कोयीतून आलेलं झाड आईसारखं निघेल याची हमी नसते आणि फळाला आठ-दहा वर्षं जातात. दुसरं, कलम इथल्या उन्हात टिकत नाही. ते टिकतं. तरी भीती वाटत असेल तर गावठी कोय कायमच्या जागीच लावावी आणि रोप वर्षाचं झालं की त्यावर केसरची काडी बांधावी. सोटमूळ न तुटता खोल जातं आणि उन्हाळ्यात तेच झाडाला तारतं. हापूसचं स्वप्न मात्र कोकणातच राहू द्यावं. मराठवाड्यात केसर रुळला आहे.

पाणी बुंध्याशी ओतायची सवय लिंबाला सगळ्यात महाग पडते. ओल्या खोडावर डिंक्या येतो, साल कुजते. दुहेरी आळं करावं: आतलं खोडाभोवती कोरडं, बाहेरचं पाण्याचं, आणि झाड वाढेल तसं बाहेरचं सरकवावं. पावसाळ्याआधी खोडाला बोर्डो मलम लावावं. त्यासाठी मोरचूद एक किलो, चुना एक किलो, पाणी दहा लिटर. न्हाणीचं साबणाचं पाणीही रोज एकाच वाफ्यात सोडू नये. त्यातल्या सोडियमनं काळी माती चोपण होते. केळी-कर्दळीकडं वळवलेलं बरं.

ताजं शेण म्हणजे ताकदीचं खत, हा समज हुमणीच्या सोयीचा आहे. पहिल्या पावसानंतर हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात, रात्री कडुनिंब-बाभळीचा पाला खातात आणि अंडी मातीत घालतात. कच्च्या शेणात अळ्या पोसतात. पूर्ण कुजलेलं, वास न येणारं शेणखतच वापरावं.

राहिला भाजीचा वाफा. 'घरचं बी धरलं की उत्पन्न पडतं' हे संकरित बियाण्याला लागू आहे, सगळ्यांना नाही. 'परभणी क्रांती' ही भेंडी इथल्याच विद्यापीठाची. पानांच्या शिरा पिवळ्या करणाऱ्या विषाणू रोगाला तोंड देण्यासाठी भेंडीच्या एका रानटी भावकीशी संकर करून ती निवडली गेली. आता तिची रोगाशी झुंज पूर्वीइतकी जोरकस राहिलेली नाही, पण तो सरळ वाण आहे, बी धरता येतं. अट एवढीच की शेजारी दुसरी भेंडी नसावी, कारण माश्या पराग इकडचे तिकडे नेतात. विद्यापीठाचा खरीप मेळावा स्थापनादिनी, १८ मे रोजी होतो. तिथं खरिपाचं बियाणं मिळतं. मेथी, पालक, गाजराचं बी मात्र तेव्हाच घेऊन ठेवायची गरज नाही. त्यांचा वाफा ऑक्टोबरात आणि रब्बी मेळावा १७ सप्टेंबरला.