नांव बदलणाऱ्या प्रकाशनांची नोंद

ग्रंथ एकदां छापला कीं त्याची नोंद बहुधा कायम होते; नियतकालिकाचें तसें नसतें. तें नांव बदलतें, आणि सूचींत जुन्या-नव्या नांवांचा दुवा नसल्यास अंक कपाटांत असूनहि वाचक विन्मुख परततो. सुटीं पानें बदलून अद्ययावत् राखलेल्या कायद्याच्या पुस्तकाचें तर जुनें रूप उरतच नाहीं. म्हणून आंग्ल-अमेरिकन सूचिनियमांच्या २००२ मधील सुधारणेनें नियतकालिकांच्या प्रकरणांत अशा पुस्तकांनाहि स्थान दिलें. नियतकालिकाचें वर्णन पहिल्या अंकावरून, तर अशा पुस्तकाचें ताज्या रूपावरून करावयाचें ठरलें. नियतकालिकाच्या नांवांतील पहिल्या पांच शब्दांत फरक पडल्यास सामान्यतः नवी नोंद व जुनीशीं तिचा दुवा. किरकोळ फरकास टीप पुरे. नियम रुक्ष दिसतात; परंतु वाचकाचा हेलपाटा त्यांनींच वांचतो.