पातेल्यात किती आहे?

मागच्या खेपेला आपण लांबीबद्दल बोललो, आज आकारमान घेऊ. उदाहरण आहे घरी बिअर करणाऱ्याच्या पातेल्याचं. हसा, हसा! आपल्याकडे परवान्याशिवाय हा उद्योग केला तर गुन्हा होतो. अमेरिकेत मात्र १९७८ साली केंद्रीय कायदा बदलला आणि आता तो तिथे चारचौघांत सांगण्यासारखा छंद आहे. आम्ही तो पाहिला तो तिथल्या आमच्या चिरंजीवांकडे.

मोड आणून वाळवलेल्या जवाचं गोड पाणी काढायचं, त्याला वर्ट म्हणतात. ते तासभर उकळायचं, गार करायचं, मग त्यात यीस्ट. चिरंजीवांना वीस लिटर हवं होतं. पातेल्याचा आतला व्यास ४० सेंटिमीटर, म्हणजे उंचीच्या दर सेंटिमीटरला साधारण सव्वा लिटर. उकळी थांबल्या थांबल्या पट्टी बुडवली : १६ सेंटिमीटर. झालं वीस लिटर! झाकण ठेवून गार केल्यावर पुन्हा मोजलं, तर साडेपंधरालाही टेकेना. "बाबा, पाऊण लिटर गेलं कुठे?"

कुठेच गेलं नव्हतं. पाणी २० अंशांवरून १०० अंश सेल्सिअसवर नेलं की सुमारे चार टक्के फुगतं.

मग खरं कुठलं, वीस की एकोणीस आणि वर थोडं? दोन्ही खरी, आपापल्या तापमानाला. अडचण होते ती आपण त्यांची सरमिसळ करतो तेव्हा. गोडी मोजायचा हायड्रोमीटर गार वर्टसाठी आखलेला असतो. गारातली गोडी घेऊन तिला गरमातल्या लिटरांनी गुणलं, तर साखर चार टक्के जास्त दिसते. जवातून आपण फार छान साखर काढतो, असं चिरंजीव कित्येक महिने समजत होते, त्यातला काही वाटा या फुगवट्याचा होता. हे त्यांना सांगणं आम्हाला जरा जड गेलं.

बरं, सूत्रही पुरतं खरं नाही. पातेल्याच्या कडा तळाशी गोलसर असतात, तळ थोडा फुगलेला असतो. म्हणून काट्यावर तोलून दोन-दोन किलो गार पाणी ओतावं आणि दर वेळी लाकडी पट्टीवर खूण करावी. पट्टी उभी आणि मधोमध धरायची. पातेलं थोडं कललेलं असलं तरी मधली उंची फसवत नाही.

या प्रश्नाने केप्लरलाही छळलं होतं. १६१३ साली एफर्डिंगला त्याचं दुसरं लग्न झालं. त्यानंतर घरासाठी घेतलेल्या वाइनची पिंपं विक्रेता मोजत होता ती तोंडातून तिरकी काठी घालून! पिंप बुटकं की उंच, याची चौकशीच नाही. केप्लर चमकला. १६१५ साली त्याने यावर अख्खा ग्रंथ छापला. ऑस्ट्रियन पिंपांची ठेवण अशी निघाली, की तेवढ्याच काठीला जास्तीत जास्त वाइन मावेल त्याच्या ती अगदी जवळ होती. आणि अशा कमाल जागेपाशी आकार थोडा इकडेतिकडे झाला तरी आकारमान फारसं हलत नाही. विक्रेत्याची काठी चालत होती ती त्यामुळे. आपल्या सरळ पातेल्याला ही सवलत नाही. तिथे पट्टीवर एक सेंटिमीटर चुकला, की सव्वा लिटर चुकलंच.